इंजिन बदलावे की गाडी?

मोटारीचे इंजिन निकामी झाले की मालकापुढे दोनच वाटा उरतात. त्याच गाडीत इंजिनाचे काम करून घ्यावे किंवा दुसरे इंजिन बसवावे, अथवा ती गाडी मिळेल त्या किमतीला विकून दुसरी घ्यावी. प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. परंतु सरकारी कार्यालयांतही तो वर्षानुवर्षे सोडवला जात असतो. जीपबाबत, रुग्णवाहिकेबाबत, पाण्याच्या पंपाबाबत, लिफ्टबाबत. माझे असे मत झाले आहे की घरी आणि कार्यालयात, दोन्हीकडे, आपण हा प्रश्न चुकीच्या टोकाकडून हाती घेतो. घरी गाडीविषयीची माया किंवा नव्या गाडीचा मोह निर्णय करतो. कार्यालयात कोणती मंजुरी कोणाच्या अधिकारात आहे ही बाब निर्णय करते. येथून पुढे गाडीची सेवा मिळवण्यासाठी दर वर्षी कोणत्या वाटेने किती खर्च येईल, हा एकच आकडा निर्णायक असायला हवा; तो मात्र कागदावर क्वचितच उतरतो.

आरंभ घरापासून करू. महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींची गाठ पडली की अर्थशास्त्र शिकलेला माणूस म्हणून हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा एवढेच सांगतो की "इंजिन गेले". या दोन शब्दांत फार वेगवेगळ्या गोष्टी सामावलेल्या असतात. रेडिएटरमधले पाणी कमी होऊन इंजिन तापले, हेड गॅस्केट जळले आणि हेड किंचित वाकले, तर हेड उतरवून लेथवर सपाट करून घेता येते. टायमिंग बेल्ट तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. तेही बहुधा हेडपुरतेच काम असते. ऑइलचा दाब गेल्यावरही गाडी चालवत राहिले तर बेअरिंगे जळतात, क्रँकवर चरे पडतात आणि इंजिन जाम होते. हे काम मोठे आणि खर्चिक. पावसाच्या साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरात शिरले, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पहिले पाऊल एवढेच, की इंजिन उघडून पाहावे आणि कामाचा अंदाज लेखी घ्यावा. उघडण्याची मजुरी जाते, पण त्या मजुरीत जी माहिती मिळते ती इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही.

त्यानंतर पर्याय दिसू लागतात. हेडचे काम, बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगांसह पूर्ण ओव्हरहॉल, ज्याला बाजारात हाफ इंजिन म्हणतात तो तयार खालचा भाग, भंगारात निघालेल्या दुसऱ्या गाडीचे इंजिन, आणि अखेरीस कंपनीचे नवे इंजिन. जुन्या इंजिनांचे बाजार प्रत्येक महानगरात आहेत. दिल्लीत मायापुरी, कोलकात्यात मल्लिक बाजार, चेन्नईत पुदुपेट, मुंबईत कुर्ला. तेथे स्वस्त मिळते हे खरे, पण इंजिनावर क्रमांक असतो आणि तोच क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रावरही असतो. इंजिन बदलले की पावती आणि उगमाचा पुरावा घेऊन परिवहन कार्यालयात नोंद करून घ्यावी लागते व विमा कंपनीस कळवावे लागते. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी कुप्रसिद्ध झाला होता आणि २०२१ च्या अखेरीस पोलिसांनी तो बंद केला, हे ध्यानात ठेवावे. पावतीविना घेतलेले इंजिन हा खर्चाचा प्रश्न उरत नाही, तो फौजदारी प्रश्न होऊ शकतो.

विम्याविषयी गैरसमज फार आहेत. नेहमीच्या सर्वंकष पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. पुरात गाडी बुडाल्याची भरपाई मिळते, परंतु पाणी शिरलेले इंजिन मालकाने सुरू करण्याचा प्रयत्न केला आणि त्यामुळे नुकसान झाले, तर दावा वादात सापडतो. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला चावी लावू नये, हा धडा त्या दोन्ही शहरांनी महागात घेतला.

आता हिशेब. लोकांत एक ठोकताळा प्रचलित आहे: दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल तर दुरुस्ती करू नये. विमा कंपन्यांचाही याच जातीचा एक नियम आहे. अपघातानंतर दुरुस्ती विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाली तर गाडी पूर्ण हानी समजली जाते. कंपनीपुरता तो नियम योग्य आहे, कारण तिची जबाबदारी त्या मूल्यापुरतीच असते. मालकाची स्थिती निराळी. त्याला गाडीची सेवा पुढेही हवी आहे. म्हणून दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तीच सेवा दुसऱ्या वाटेने मिळवायला किती पडेल, त्याच्याशी तो ताडून पाहायला हवा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. ११ वर्षांची पेट्रोल गाडी आहे. बंद स्थितीत ती ४०,००० रुपयांना जाईल. इंजिनाच्या पूर्ण कामाचा अंदाज ९५,००० रुपये आहे. दुरुस्ती करणे म्हणजे ९५,००० खर्च करणे आणि हाती येणारे ४०,००० सोडून देणे, एकूण १,३५,०००. काम झाल्यावर गाडी ४ वर्षे चालेल, विमा व किरकोळ दुरुस्ती मिळून वर्षाला ३०,००० लागतील आणि शेवटी ती ३०,००० रुपयांना विकली जाईल, असे धरू. व्याजाचा दर ८ टक्के धरला तर ही वाट वर्षाकाठी सुमारे ६४,००० रुपयांना पडते. दुसरी वाट अशी: ५ वर्षे वापरलेली गाडी ४,५०,००० रुपयांना घ्यावी, ६ वर्षे चालवावी, वर्षाला २२,००० खर्च करावेत आणि अखेरीस १,२५,००० रुपयांना विकावी. तिचा वर्षाचा खर्च सुमारे १,०२,००० होतो. इंधन दोन्हीकडे सारखे धरले आहे.

ठोकताळ्याने पाहिले तर पहिली गाडी भंगारात जायला हवी, कारण दुरुस्तीचा खर्च तिच्या आजच्या किमतीच्या दुपटीहून अधिक आहे. हिशेबाने पाहिले तर दुरुस्तीने वर्षाला सुमारे ३८,००० रुपये वाचतात. परंतु मला या उदाहरणातील सर्वांत उपयोगी आकडा हा वाटत नाही. दुरुस्त केलेली गाडी ४ वर्षे चालेलच याची खात्री कोणी द्यावी? म्हणून उलट विचारावे: ती किमान किती काळ चालली तर दुरुस्ती तोट्यात जाणार नाही? वरील आकड्यांत उत्तर येते सुमारे २० महिने. प्रश्न एकदम सोपा झाला. "ही गाडी किती वर्षे टिकेल?" याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. "बाकीची गाडी, म्हणजे गिअरबॉक्स, सस्पेन्शन, खालचा पत्रा, वायरिंग, आणखी पावणेदोन वर्षे काढील काय?" याचे उत्तर चांगला मेकॅनिक गाडीखाली जाऊन अर्ध्या तासात देऊ शकतो. समुद्रकाठच्या गाडीचा खालचा पत्रा गंजलेला असेल तर उत्तर नकारार्थी येईल, आणि मग इंजिनावर एक रुपयाही घालू नये.

येथे बुडीत खर्चाचा मोह आडवा येतो. "गेल्या वर्षीच चारही टायर नवे घातले", "दिवाळीत क्लच बदलला". गेलेला पैसा दोन्ही वाटांनी गेलेलाच आहे. त्याला हिशेबात एकच जागा आहे: टायर नवे असल्याने पुढल्या दोन वर्षांत टायरांचा खर्च येणार नसेल, तर पुढील खर्चाच्या रकान्यात तेवढी रक्कम कमी धरावी. त्याहून अधिक मान त्या पैशाला देऊ नये.

हिशेबाबाहेरच्या दोन गोष्टी मात्र गंभीरपणे पाहाव्यात. पहिली माहितीची. जॉर्ज अॅकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे अशा बाजारात वाईट गाड्या चांगल्यांना हुसकावून लावतात, हा त्याचा गाभा. त्याच निबंधात त्यांनी भारतातील पतपुरवठ्याचाही विचार केला होता. १९६७-६८ चे वर्ष ते दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. २००१ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आपल्या प्रश्नाला हा विचार थेट लागू पडतो. स्वतःच्या गाडीचे दोष आपल्याला ठाऊक आहेत. तिचे ऑइल कधी बदलले, ती कोठे घासली, कोणत्या घाटात तापली, हे सारे आपल्या स्मरणात आहे. जुन्या बाजारातून घेतलेली गाडी ही दुसऱ्याने का विकली हे न सांगता विकलेली गाडी असते. माझ्या उदाहरणातील ४,५०,००० रुपयांत हे अज्ञान धरलेलेच नाही.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची, आणि ती उलट दिशेने झुकते. इंजिन बदलल्याने गाडीत एअरबॅग येत नाही. नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग २०१९ पासून अनिवार्य झाली आणि शेजारच्या आसनासाठी २०२२ च्या आरंभापर्यंत. बीएस-सहा हे उत्सर्जन मानक १ एप्रिल २०२० पासून आले. जो महिन्यातून दोनदा कुटुंबासह महामार्गावरून गावी जातो, त्याने वर्षाला ३८,००० रुपये वाचतात म्हणून जुन्या गाडीला चिकटून राहावे, असे मी म्हणणार नाही. जो रोज ६ किलोमीटर कार्यालयात जातो, त्याचा विचार वेगळा असू शकतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाड्यांच्या किमतींचे जुने अंदाज मनात धरून कोणी हिशेब करीत असेल तर तो नव्याने करावा.

घराबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींना आणखी एक बाब लागू होते: गाडी कोणत्या राज्यात आहे. बदली होऊन नागपूरची गाडी बंगळूरला नेली आणि १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर तिची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. ना-हरकत प्रमाणपत्र, तेथील कर, इकडील कराचा परतावा, असे सगळे आले. इंजिनात पैसा घालण्याआधी हा खर्च त्याच गाडीच्या नावे मांडावा. २०२१ च्या सप्टेंबरपासून बीएच मालिकेची सोय झाली आहे आणि केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना ती खुली आहे. दुसरी गाडी घेण्याच्या बाजूने हा एक रास्त मुद्दा ठरतो. सर्वत्र १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. दिल्लीची गोष्ट आणखी कठीण. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ व २०१५ मध्ये १५ वर्षांवरील पेट्रोल आणि १० वर्षांवरील डिझेल वाहनांना राजधानी क्षेत्रात मनाई केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. जुलै २०२५ मध्ये अशा वाहनांना इंधन नाकारण्याचा प्रयत्न झाला आणि काही दिवसांतच थांबला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीच्या कारवाईस अटकाव केला. डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-चार व त्यापुढील वाहनांपुरते राखले. तेव्हा ९ वर्षांच्या डिझेल गाडीत नवे इंजिन घालायचे की नाही, याचे नागपूरचे आणि दिल्लीचे उत्तर एक असणार नाही. नियम कधी बदलेल हे कळेनासे झाले की लोक थोड्या मुदतीची, थोड्या पैशांची दुरुस्ती पत्करतात. ते शहाणपणच आहे. पण धोरणाच्या अस्थैर्याचा तो भार नागरिकाने उचललेला असतो, हे प्रशासनाने विसरू नये.

आता कार्यालयाकडे वळू. घरी निदान एकच माणूस पैसा देतो, वापरतो आणि ठरवतो. सरकारात या तिन्ही भूमिका वेगळ्या. दुरुस्ती एका लेखाशीर्षातून होते, खरेदी दुसऱ्यातून. लहान दुरुस्ती कार्यालय प्रमुखाच्या अधिकारात, मोठी दुरुस्ती वरिष्ठांच्या, आणि नवे वाहन त्याहूनही वर. वित्त मंत्रालयाच्या काटकसरीच्या सूचनांत, उदाहरणार्थ २०१३ आणि २०१४ सालच्या, नवी वाहने घेण्यास मनाई असे. सुरक्षा दलांच्या गरजा वगळता अपवाद निर्लेखित वाहनाच्या जागी घेतल्या जाणाऱ्या वाहनाचा. हेतू चांगला होता. परिणाम असा की नवी गाडी हवी असेल तर जुनी मृत घोषित होणे हीच एकमेव किल्ली ठरली. ज्या गाडीचे इंजिन बदलून ती चार वर्षे धावली असती, तिला मृत ठरवण्यात सर्वांचेच हित निर्माण झाले. उलट जेथे निर्लेखनाची समिती बसायला वर्ष लागते, तेथे मरणपंथास लागलेल्या गाडीवर लहान लहान दुरुस्त्यांची बिले निघत राहतात, कारण प्रत्येक बिल कार्यालय प्रमुखाच्या मर्यादेत बसते. दोन्ही ठिकाणी नियम पाळलेले असतात.

एक प्रकरण मी जवळून पाहिले आहे. झारखंडात माझी नेमणूक झाली तेव्हा माझ्याकडे आलेल्या कार्यालयांपैकी एकाकडे फिरत्या दवाखान्याची गाडी होती. आठवडी हाटाच्या दिवशी ती ठरलेल्या गावी जाई. डॉक्टर, औषधे देणारा आणि चालक असे तिघे. मी रुजू होण्यापूर्वी १४ महिने तिचा ऑइल पंप बंद पडून इंजिन जाम झाले होते. अंदाज आला ८५,००० रुपये. ही रक्कम कार्यालय प्रमुखाच्या अधिकाराबाहेरची, म्हणून धारिका वर गेली. वरून विचारणा झाली की गाडी निर्लेखनाच्या वयाजवळ आली असता दुरुस्ती कशासाठी? म्हणून निर्लेखनाचा प्रस्ताव झाला. त्यासाठी तांत्रिक दाखला मागवला. दाखल्यात लिहून आले की गाडी दुरुस्तीयोग्य आहे. म्हणून नवी खरेदी अशक्य झाली आणि दुरुस्तीची धारिका पुन्हा उघडली. तोवर मार्च उलटला आणि तरतूद व्यपगत झाली. त्या धारिकेतील एकही शेरा मला चुकीचा दिसला नाही. प्रत्येकाने आपल्यापुढील प्रश्नाचे बिनचूक उत्तर दिले होते.

दरम्यान गाडी अंगणात दोन पावसाळे उभी होती. बॅटरी मेली, टायरांना भेगा गेल्या, उंदरांनी वायरिंग कुरतडले, पत्रा गंजला. नव्याने अंदाज मागवला तो १,६०,००० रुपयांचा आला. मी लॉगबुक मागवले, चालकाला विचारले, दोन्ही वाटांचा वर्षाचा खर्च एका पानावर मांडला. १४ महिन्यांपूर्वी दुरुस्ती स्वस्त होती यात शंका नव्हती. आता ती नव्हती. गाडी निर्लेखित झाली आणि नवी यायला आणखी ७ महिने गेले. चालक मला एवढेच म्हणाला होता, "साहब, गाड़ी मरी नहीं थी, खड़े-खड़े मर गई."

त्या २१ महिन्यांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात पडला? कोणत्याच नाही. डॉक्टर रोज येत, सही करीत, बसत. तिघांचे वेतन नियमित निघाले. ज्या बायका मुलांना काखोटीला मारून हाटाच्या दिवशी त्या झाडाखाली वाट पाहत आणि परत जात, त्यांची नोंद कोणत्याही धारिकेत नव्हती. अर्थशास्त्रात ज्याला संधी-परिव्यय म्हणतात, म्हणजे हातची सेवा न मिळाल्याने झालेला तोटा, तो सरकारी हिशेबात दिसत नाही म्हणून शून्य धरला जातो. ८५,००० रुपये खर्च करण्यापूर्वी तीन दरपत्रके लागतात. २१ महिने काहीही न करण्यासाठी कोणाचीही मंजुरी लागत नाही.

याच विषयावर अर्थशास्त्रात एक अभ्यास आहे आणि प्रशासकांनी तो जाणून घ्यावा असे मला वाटते. १९८७ साली जॉन रस्ट यांनी 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात बसगाड्यांची इंजिने केव्हा बदलावीत यावर निबंध लिहिला. निबंधाचा नायक म्हणजे अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहराच्या बससेवेतील देखभाल विभागाचा प्रमुख, हॅरल्ड झर्चर. त्याच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी रस्ट यांनी घेतल्या. कोणत्या बसचे इंजिन किती मैलांवर बदलले, एवढ्यावरून त्याच्या मनातील हिशेब शोधता येतो काय, हा त्यांचा प्रश्न होता. दर महिन्याला झर्चरपुढे दोनच पर्याय असत: आज मोठा खर्च करून इंजिन बदलावे, किंवा वाढत्या देखभाल खर्चासह आणि रस्त्यात बंद पडण्याच्या धोक्यासह आणखी एक महिना चालवावे. रस्ट यांनी आपल्या गणितात एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली: झर्चरला दिसणाऱ्या, पण नोंदींत न उतरलेल्या गोष्टींसाठी. इंजिनाचा आवाज, चालकाची तक्रार, कार्यशाळेत त्या आठवड्यात असलेले काम. एवढ्या कठीण गणिताच्या मध्यभागी अर्थतज्ज्ञाने मान्य केले की यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी अधिक ठाऊक असते.

आमच्या व्यवस्थेत त्या माणसाचे मत घेतलेच जात नाही. वित्तीय नियमावली याच्या आड येते असेही नाही. २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील नियम २१७ म्हणतो की वस्तू निरुपयोगी ठरवताना सक्षम अधिकाऱ्याने कारणे नोंदवावीत. दाखल्यांच्या नमुन्यांत "किफायतशीर दुरुस्तीपलीकडे" असा शब्दप्रयोग असतो. पण किफायतशीर कशाच्या तुलनेत, हे तो नमुना विचारत नाही. पर्यायाचा आकडा शेजारी नसेल तर किफायतशीर या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

यावर वयोमर्यादा हा उपाय सांगितला जातो. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य शासनांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी नूतनीकरणास पात्र राहिलेली नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेची विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. मी या नियमाच्या विरुद्ध नाही. जेथे दाखला विकत मिळू शकतो, दबाव येऊ शकतो, तेथे ठरीव वय हा प्रामाणिक अधिकाऱ्याचा आधार असतो. प्रदूषणाचा विचारही त्यात आहे. परंतु वय म्हणजे झीज नव्हे. दिल्लीच्या रुंद रस्त्यांवर मंत्रालयाची गाडी ८ वर्षांत जितकी झिजते, त्याहून हाटाच्या वाटेवरची गाडी ४ वर्षांत अधिक झिजते. १५ वर्षे ही वरची सीमा झाली. त्या सीमेच्या आतील निर्णय कोणीतरी डोके वापरून घ्यायचाच आहे, आणि तो नियमाने टळत नाही.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत. नवा कायदा किंवा नवी समिती यांपैकी कशाचीही त्यांना गरज नाही.

१) मोठ्या दुरुस्तीचा आणि निर्लेखनाचा प्रस्ताव वेगळ्या धारिकांत जाऊ नये. एकाच टिपणीत दोन्ही वाटांचा वर्षाचा खर्च शेजारी शेजारी मांडावा आणि दोन्हींपैकी एक निवडण्याचा अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे असावा.

२) त्या टिपणीत एक ओळ अनिवार्य असावी: दुरुस्त केलेले वाहन किमान किती महिने चालले तर दुरुस्ती परवडेल. तांत्रिक अधिकाऱ्याने "दुरुस्तीयोग्य" एवढेच न लिहिता, बाकीचे वाहन तितके महिने टिकेल काय, याचे उत्तर द्यावे.

३) लॉगबुक आणि चालकाचे निवेदन टिपणीला जोडावे. झर्चरला जे ठाऊक होते ते आमच्या चालकांनाही ठाऊक असते.

४) वाहन बंद पडल्याच्या दिवसापासून ३० दिवसांत निर्णय झाला नाही तर रोज किती सेवा बुडते आहे आणि बसलेल्या कर्मचाऱ्यांवर किती वेतन खर्च होते आहे, हे दर महिन्याला वरिष्ठांस कळवावे. विलंबाला आकडा चिकटला की धारिकेचा वेग वाढतो, असा माझा अनुभव आहे.

घरगुती वाचकासाठी याचेच लहान रूप पुरेसे आहे. इंजिन उघडून लेखी अंदाज घ्या. बंद गाडीची आजची किंमत त्यात मिळवा. पर्यायी गाडीचा वर्षाचा खर्च काढा आणि किती महिन्यांत दुरुस्ती फिटते ते पाहा. मग मेकॅनिकला तेवढ्याच महिन्यांबद्दल विचारा. आपल्या शहराचे नियम आणि कुटुंबाची सुरक्षितता या दोन कसोट्या त्यावर लावा. उत्तर कोणतेही येवो, ते पंधरा दिवसांत अमलात आणा. उभ्या गाडीला भाव नसतो आणि दर महिन्याला तो आणखी उतरतो.

आपल्याकडे नव्या वस्तूचे उद्घाटन होते, दुरुस्त केलेल्या वस्तूचे होत नाही. त्यामुळे दुरुस्तीचा कैवार घेणारा अधिकारी कंजूष ठरतो आणि खरेदी करणारा कर्तबगार. माझा आग्रह दुरुस्तीसाठी नाही, खरेदीसाठीही नाही. दोन आकडे एका पानावर यावेत, त्याखाली एक सही असावी आणि सहीखाली तारीख असावी, एवढेच मागणे आहे.